टीपीएमएसचा (टायरमधली हवा कमी झाली की सांगणाऱ्या यंत्रणेचा) दिवा सकाळी लागतो, गाडी चालली की विझतो. सेन्सर गेला की हवा?

कुडाळकर_०७

गाडी २०२१ची पेट्रोल एसयूव्ही, अलॉय व्हील, चारही चाकांत कंपनीचेच सेन्सर. मीटरमध्ये प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढे-मागे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे आणि ३३च भरतो.

सध्याचा प्रकार असा. सकाळी निघालं की पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये मागच्या डाव्या चाकाचा आकडा २६ येतो आणि पिवळा दिवा लागतो (घोड्याच्या नालासारखं चिन्ह, मध्ये उद्गारचिन्ह). बाकी तिन्ही चाकं २८. हायवेला लागून वीस-पंचवीस मिनिटं झाली की तेच चाक २९, बाकीची ३१, आणि दिवा आपोआप बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटची हवा कोल्हापूर सोडताना पंपावर भरली होती, डिजिटल मशीनवर ३३ लावून, मशीन वाजेपर्यंत. तिथून फोंडा घाट उतरून घरी.

पंपाचं मशीन खोटं की गाडीचे सेन्सर? पंक्चरवाल्याने चाक हौदात फिरवून पाहिलं, ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या भागात) खिळाबिळा काही नाही. एका ठिकाणी 'जुने झालेत, चारही सेन्सर बदला' असं सांगितलंय. आणि ही यंत्रणा मुळात चालते कशी, तेही कोणी नीट समजावलं तर बरं होईल.

भरती_ओहोटी

सेन्सर बदलू नका. पंपाचं मशीन बरोबर आहे आणि सेन्सरही बरोबर आहेत. तुमच्याच आकड्यांवरून हिशोब मांडून दाखवतो.

स्टिकरवरचे ३३ हे थंड टायरचे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीडेक किलोमीटर चाललेली. तुम्ही गावातून फिरून पंपावर गेलात तेव्हा टायरमधली हवा, समजा, ५० अंशांवर होती. दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो, पण तो निरपेक्ष दाब आणि निरपेक्ष तापमान. म्हणजे गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवायचा आणि सेल्सियसमध्ये २७३.

इथे दुसरी गोष्ट आली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. तिथे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १३.८ पीएसआय, कुडाळात १४.७. कोल्हापुरात गेजवर ३३ म्हणजे टायरच्या आत ४६.८. ही हवा ५० अंशांवरून २५ अंशांवर आली की ४६.८ गुणिले २९८ भागिले ३२३, म्हणजे ४३.२. त्यातून कुडाळची १४.७ वजा करा. राहिले साडेअठ्ठावीस. तुमची तीन चाकं सकाळी २८ दाखवतायत. एक थेंब हवा न गळता, फक्त गरम टायरमध्ये घाटमाथ्यावर हवा भरून खाली आल्यामुळे साडेचार पीएसआय 'गेले'.

आता मागचं डावं. ते इतरांपेक्षा दोनने कमी आहे. ही मात्र खरी गळती. हळू आहे, पण आहे. बहुतेक गाड्यांत दिवा ठरवलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के कमी झाल्यावर लागतो. ३३चे २० टक्के कमी म्हणजे २६.४. तुमचं चाक सकाळी बरोबर त्या रेषेवर येऊन बसतं. गाडी चालली, आतली हवा पंधरा अंशांनी तापली की दाब दोन-अडीच पीएसआय चढतो, चाक रेषेच्या वर जातं, दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे टायर बरा झाला असं नाही. रोग तोच, फक्त ताप लपला.

तेव्हा क्रम असा. उद्या सकाळी गाडी हलवायच्या आधी स्वतःच्या गेजने चारही चाकं बघा. घरी बारा व्होल्टचा पंप असेल तर तिथेच ३३ करा. नसेल तर प्रत्येक चाकात किती कमी आहे ते लिहून घ्या. तीन चाकांत पाच-पाच, एकात सात, असं काहीतरी येईल. मग पंपावर गेल्यावर गरम टायर जो आकडा दाखवेल त्यात तेवढेच मिळवून मशीनवर लावा. गरम टायर ३१ दाखवत असेल तर ३६ लावायचे. पंपावरचा पोरगा 'साहेब, जास्त होतंय' म्हणेल, म्हणू दे. आणि गरम टायर ३६-३७ दाखवतोय म्हणून हवा सोडायची नाही, कधीच नाही.

मग आठवडाभर सकाळचे थंड आकडे बघा. तीन चाकं जागेवर राहतील. चांगला टायरही रबरातून झिरपून महिन्याला एखाद-दोन पीएसआय गमावतोच. चौथं किती वेगाने खाली येतं त्यावर गळती कुठे ते शोधू.

वेंगुर्ल्याचो_बाबू

पंक्चरवाल्याक आधीच सांगा, आत सेन्सर आसा म्हणान. नायतर तो बिचारो काय करतलो? मशीनचो फाळ व्हॉल्व्हकडे लावन दाबतलो आणि सेन्सरचे दोन तुकडे हातात येतले.

सिग्नल_देवगड

वर भरती_ओहोटी यांनी हिशोब केलाच आहे. यंत्रणा कशी चालते ते सांगतो.

तुमच्या गाडीत आहे तो थेट प्रकार. प्रत्येक व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमच्या खोबणीत, काडेपेटीपेक्षा लहान डबी बसवलेली असते. वजन साधारण २५ ते ४० ग्रॅम, त्यामुळे सेन्सर काढला-घातला की चाक बॅलन्स करावंच लागतं. डबीला एक बारीक भोक असतं, त्यातून टायरमधली हवा आतल्या सिलिकॉनच्या पडद्यापर्यंत पोचते. दाबाने पडदा वाकतो, त्यावरच्या रोधकांची किंमत बदलते, त्यावरून दाब मोजला जातो. शेजारीच तापमानाचा सेन्सर, चाक फिरतंय की नाही हे ओळखणारा अॅक्सेलरोमीटर, छोटा प्रोसेसर, रेडिओ ट्रान्समीटर आणि नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल.

हा सेल पाच ते दहा वर्षं पुरला पाहिजे, म्हणून डबी बहुतेक वेळ झोपलेली असते. गाडी उभी असताना ती जवळजवळ काहीच पाठवत नाही. चाक साधारण २५-३० किलोमीटरच्या वेगाने फिरू लागलं की अॅक्सेलरोमीटर तिला उठवतो. मग ती मिनिटाला एकदा वगैरे एक छोटा संदेश सोडते, त्यात स्वतःचा आयडी, दाब, तापमान आणि सेलची अवस्था. दाब अचानक घसरला तर मिनिटाची वाट न बघता लगेच पाठवते. म्हणूनच गाडी सुरू केल्या केल्या काही गाड्यांत आकड्यांच्या जागी रेघा किंवा 'ड्राइव्ह टू डिस्प्ले' दिसतं आणि तुमचा दिवा एक-दोन किलोमीटरनंतर लागतो. यात बिघाड काही नाही.

संदेश जातो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्या ३१५ वापरतात. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून ३१५वाला सेन्सर मागवलात तर तो दिसायला हुबेहूब असेल, बसेलही नीट, पण तुमची गाडी त्याचं ऐकणारच नाही. मेकॅनिकच्या हातातलं सेन्सर जागं करायचं यंत्र मात्र १२५ किलोहर्ट्झवर बोलतं, व्हॉल्व्हजवळ धरलं की डबी तात्पुरती उठून आपला आयडी सांगते. सेन्सर मेलाय का हे बघायची खरी तपासणी ही, वर्षं मोजणं नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. सेन्सर बिघडला की तो बहुधा गप्प होतो, खोटं बोलत नाही. सेल संपला किंवा डबी फुटली की गाडीला संदेश मिळेनासा होतो. तेव्हा दिवा वेगळा वागतो, आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच. लुकलुकून स्थिर म्हणजे यंत्रणेत दोष. न लुकलुकता थेट स्थिर म्हणजे टायरमध्ये हवा कमी. तुमचा दुसऱ्या प्रकारचा. एवढ्या एका फरकावर चार सेन्सरचा खर्च वाचतो.

लुकलुकणारा दिवा कधी येतो कधी जातो, असं झालं तर आधी डॅशकॅम आणि स्वस्तातले मोबाइल चार्जर काढून बघा. त्यांचा गोंगाट या रेडिओच्या कानावर पडतो.

लाल_माती_०८

थोडं विषयांतर. माझ्या टाटाच्या गाडीत आयटीपीएमएस आहे. आकडे दिसत नाहीत, स्क्रीनवर नुसतं रीसेटचं बटण आहे. लांजा ते राजापूर पट्ट्यात खराब रस्त्यावर कधी कधी उगाच इशारा येतो. यात सेन्सर कुठे असतो?

घाटवळण

@लाल_माती_०८, तुमच्या टायरमध्ये सेन्सर नाहीच. तो अप्रत्यक्ष प्रकार. एबीएससाठी (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) प्रत्येक चाकाला वेग मोजणारा सेन्सर असतोच, त्याच्याच आकड्यांवर सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याची परिणामी त्रिज्या कमी होते आणि तेवढंच अंतर कापायला ते चाक थोडं जास्त फिरतं. फरक टक्क्याच्या अंशातला, म्हणून सॉफ्टवेअर बराच वेळ आकडे गोळा करत बसतं. वळणावर बाहेरची चाकं तशीही जास्त फिरतात, म्हणून तुलना कर्णात होते. पुढचं डावं अधिक मागचं उजवं, विरुद्ध पुढचं उजवं अधिक मागचं डावं. नव्या यंत्रणा याशिवाय टायरची कंपनंही ऐकतात. टायरच्या बाजूंची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते, साधारण ३० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि हवा कमी झाली की ती खाली सरकते. नुसती त्रिज्या बघणाऱ्या यंत्रणेला चारही चाकांतली हवा सारखी उतरली तर कळत नाही. कंपनं ऐकणारीला कळू शकतं.

उगाच इशारे येण्याचं कारण घसरण. खडी, चिखल, जांभ्याचा भुगा, वाळू, कुठेही चाक थोडं घसरलं की त्याच्या फेऱ्या वाढतात. सॉफ्टवेअर असले आकडे टाकून द्यायचा प्रयत्न करतं, दरवेळी जमत नाही. घाटात सतत वळणं आणि ब्रेक असतात, तेव्हा ते मोजणी जवळपास थांबवतं. आंबोली चढताना हळूहळू हवा जात असेल तर ती कळायला वर सपाटीला लागेपर्यंत थांबावं लागेल असं धरून चाला.

पण तुमच्या बाबतीत मला पहिला संशय रीसेटचा. या यंत्रणेला ३३ म्हणजे काय ते माहीतच नाही. तुम्ही बटण दाबलंत त्या क्षणी टायर ज्या अवस्थेत होते ती तिच्या दृष्टीने योग्य. इशारा आला, म्हणून हवा न बघता रीसेट दाबलं, की तिने कमी हवाच बरोबर म्हणून शिकून घेतली. पुढचा इशारा त्याहून २०-२५ टक्के खाली गेल्यावर. ही चूक इतकी होते की बटणावर 'आधी हवा भरा' असं छापायला हवं.

योग्य पद्धत: सकाळी थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे चारही चाकं भरा, मग रीसेट, मग अर्धा-पाऊण तास वेगवेगळ्या वेगाने सरळ रस्त्यावर चालवा. चौपदरी हायवेचा पट्टा त्याला उत्तम. टायर बदलला, पंक्चर काढलं, रोटेशन केलं (चाकांच्या जागा आपसात बदलल्या), हवा भरली, प्रत्येक वेळी पुन्हा रीसेट. एकच टायर नवा घातला असेल तर विशेष. नवा टायर ८ मिलिमीटर ट्रेडचा आणि जुना ३ मिलिमीटरचा असेल तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड टक्क्याच्या वर. हवेच्या फरकापेक्षा हा कितीतरी मोठा. रीसेट नाही केलं तर यंत्रणा ओरडणारच.

कुडाळकर_०७

सगळ्यांचे आभार. थंड टायरमध्ये ३३ करून पाहिलं. तीन चाकं जागेवर आहेत, मागचं डावं हळूहळू उतरतंय. साबणाचं पाणी टाकलं. ट्रेड आणि कडा कोरड्या. टोपण काढून पिनेवर काही नाही. पण व्हॉल्व्ह जिथे रिममधून बाहेर येतो तिथे, नटाच्या बुडाशी, एकेक बारीक बुडबुडा येतोय, मोजून आठ-दहा सेकंदांनी एक. नटाभोवती पांढरी पावडर जमलीय, नखाने खरवडली की निघते. नट थोडा आवळला तर भागेल का?

पाना_वायसर

नट आवळू नका. हे वाक्य आधी वाचा, बाकीचं नंतर.

ती पांढरी पावडर म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. तुमचा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा आहे, आत पितळी पिन, बाहेर नट, शेजारी अलॉयची रिम, आणि वर किनाऱ्याची खारी हवा. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, त्यात अॅल्युमिनियम झिजतो. हौदात हे दिसलं नाही याचं नवल नाही. पंक्चरवाला ट्रेडकडे बघतो, आणि आठ सेकंदांना एक बुडबुडा बघायला तेवढा वेळ चाक स्थिर धरावं लागतं.

नटाखाली, रिमच्या आतल्या बाजूला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात घट्ट बसणारी कडी, असतो. हवा तो अडवतो, नट नव्हे. एकदा दाबून बसला, उन्हाने आणि ब्रेकच्या गरमीने कडक झाला की त्याची लवचीकता जाते. आता नट आवळलात तर कडक रबर फाटेल किंवा गंजलेला दांडा मुळातून मोडेल. मग हवा सगळी एका दमात बाहेर, आणि सेन्सरही गेला.

करायचं ते असं. तुमच्या सेन्सरला चालणारं व्हॉल्व्ह सर्व्हिस किट घ्या. त्यात ग्रोमेट, वायसर, नट, पिन आणि टोपण असतं. सेन्सरच्या मानाने किंमत किरकोळ. बऱ्याच सेन्सरना दांडा वेगळा मिळतो, छोट्या टॉर्क्स स्क्रूने डबीला जोडलेला. पावडर दांड्यावरही असेल तर दांडाही बदला, डबी तीच ठेवा. पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साध्या ट्यूबची पिवळी पितळी पिन आट्यांत बरोबर बसते, पण अॅल्युमिनियमच्या दांड्यात वर्ष-दोन वर्षांत जाम होते.

दुकानात उभं राहून दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. हवा पूर्ण सोडून टायरची कड रिमवरून सोडवताना मशीनचा फाळ व्हॉल्व्हपासून लांब, शक्यतो समोरच्या बाजूला पाहिजे. बाबूने वर लिहिलंय ते अगदी खरं. दुसरं, नवा नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. साधारण ४ ते ८ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा सेन्सरप्रमाणे. हा फार थोडा जोर आहे. व्हील नटाच्या शंभरेक न्यूटन मीटरची सवय असलेला हात यावर पडला की दांडा गेलाच. टॉर्क रेंच नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. ग्रोमेट बसण्याआधी रिमचं भोक आतून-बाहेरून नायलॉनच्या घासणीने स्वच्छ करून घ्या, पावडर राहिली तर नवा ग्रोमेटही तिथूनच गळेल. ग्रीस नको. कॉपर पेस्ट तर अजिबातच नको, तांबं म्हणजे अॅल्युमिनियमला आणखी एक वैरी. साबणाचं पाणी पुरे.

टायर उतरवलाच आहे तर रिमच्या कडेवर जिथे टायर टेकतो तिथे हात फिरवून बघा. आपल्याकडे अलॉयचा रंग खाली फुगून सुटतो आणि तिथूनही अशीच हळू गळती होते. फुगलेलं घासून काढून बीड सीलर (टायरची कड हवाबंद करणारा लेप) लावा.

टोपण प्लॅस्टिकचं, आत रबरी वायसर असलेलं. चमकदार धातूची टोपणं विकत घेऊन लावणारे पुढे पकडीने पिळून ती काढतात, आणि टोपणाबरोबर दांडाही येतो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्यांची चाकं जेटीच्या उतारावर खाऱ्या पाण्यात भिजतात. घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, व्हॉल्व्हच्या बुडाशी जास्त पाणी मारा.

लाल_माती_०८

मग टोपणाच्या जागी लावायचे बाहेरचे सेन्सर बरे नाहीत का? सोलर डिस्प्लेवाले. मला आकडे दिसायला हवेत.

पाना_वायसर

आकडे देतात, काम करतात, सेल स्वतःला बदलता येतो. पण टोपणाचा सेन्सर पिन कायम दाबून ठेवतो, म्हणजे हवा अडवायचं काम आता पिनेचं नाही, सेन्सरच्या आतल्या रबरी वायसरचं. तो वायसर खराब झाला की टायर बसला. बसवल्यावर प्रत्येकाला साबणाचं पाणी लावून बघा. रबरी व्हॉल्व्ह असतील तर आधी ते नवे घाला, कारण टोकाला वजन वाढतं आणि वेगात जुनं रबर मुळाशी चिरतं. चोरी होऊ नये म्हणून दिलेला खालचा नट इथल्या हवेत गंजून चिकटतो. दोन-तीन महिन्यांनी काढून पुसून परत लावणार असाल तरच हे घ्या. नाहीतर पुढच्या टायरच्या वेळी आतले सेन्सर बसवून घेतलेले चांगले.

नायट्रोजनचं कोणी विचारायच्या आत सांगतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फायदा असलाच तर कोरडेपणाचा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, दुकानदाराने ते रोज सोडलं नाही तर हवेबरोबर तुमच्या टायरमध्ये जातं. नळीतून हातावर हवा मारून बघा. हात ओला झाला तर तिथे भरू नका.

सिग्नल_देवगड

एक राहिलं. पंक्चर झालं म्हणून अँटी-पंक्चर जेल ओतायचा मोह होतो. टायरमध्ये सेन्सर असेल तर टाळा, त्या बारीक भोकात ती सुकून बसली की डबी आंधळी होते. पंक्चर-दुरुस्ती किटमधली सीलंटची (भोक बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली आणीबाणीत वापरावी लागलीच, तर पुढच्या दुकानात टायर उतरवून रिम आणि सेन्सर ओल्या फडक्याने पुसून घ्या, तारेने भोक कोरू नका. जुलै २०२०च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर टीपीएमएस आणि दुरुस्ती किट असलेल्या ठरावीक प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही, म्हणून ही बाटली आता बऱ्याच जणांच्या डिकीत आहे. रात्री भुईबावड्याच्या घाटात टायरची बाजू फाटली तर ती बाटली काही कामाची नाही, गाडी घेताना एवढं लक्षात ठेवा.

स्टेपनी असेल तर तिच्यात बहुधा सेन्सर नसतो. ती लावली की दिवा लुकलुकून स्थिर राहील, त्या चाकाच्या जागी रेघा येतील. मूळ चाक परत लावलं की थोडं चालवल्यावर आपोआप सरळ होतं.

कुडाळकर_०७

किट मागवलंय, दांड्यासकट. शेवटचा प्रश्न. डबी तीच ठेवली तर गाडीला सेन्सर परत शिकवावा लागेल का? त्याच वेळी चाकांचं रोटेशनही करून घ्यायचा विचार आहे. गणपतीत पाच माणसं आणि सामान घेऊन मुंबईहून येणं-जाणं होईल.

भरती_ओहोटी

डबी तीच, चाक त्याच जागी, तर शिकवायचं काही नाही. आयडी बदलत नाही.

रोटेशनचं गाडीवर अवलंबून. काही गाड्या एबीएसच्या दात्यांशी ताळमेळ घालून कोणता आयडी कुठल्या कोपऱ्यात आहे ते स्वतःच ओळखतात, दहा-पंधरा मिनिटं चालवलं की आकडे जागेवर येतात. काहींना ओबीडीमधून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून) सांगावं लागतं. तुमची कुठली ते असं बघा: रोटेशननंतर थोडं चालवून या, मग पुढच्या उजव्या चाकातली हवा चार पीएसआय सोडा आणि पुन्हा पाच मिनिटं फिरवून आणा. आकडा पुढच्या उजव्याचा उतरला तर गाडी स्वतः शिकली. दुसऱ्याच चाकाचा उतरला तर रोटेशन केलेल्या दुकानातच टूल लावून जागा नोंदवून घ्या. सोडलेली हवा भरायला विसरू नका.

गणपतीसाठी स्टिकर पुन्हा नीट वाचा. बहुतेक स्टिकरवर पूर्ण भारासाठी दुसरा आकडा असतो, बऱ्याचदा मागच्या चाकांना जास्त. पीएसआय नसेल तर बारमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये असेल. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे साडेचौदा पीएसआय. टायरच्या बाजूवर कोरलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे. मुंबईला निघायच्या आदल्या रात्री नाही, त्या पहाटे थंड टायरमध्ये भरा. वाटेत मीटरवर ३८-३९ दिसले तरी हात लावू नका. तासभर उन्हात उभी राहिली तर उन्हाकडच्या बाजूची दोन चाकं इतरांपेक्षा एक-दोनने जास्त दाखवतील, त्याचंही काही नाही. गर्दीत हायवेच्या खड्ड्यात चाक जोरात आदळलं आणि त्यानंतर एकाच चाकाचा आकडा प्रत्येक थांब्यावर इतरांपेक्षा मागे पडत गेला, तर मात्र कडेला घ्या. टायरची आतली बाजू आणि रिमची कड हाताने चाचपून बघा, बाहेरून दिसत नाही.